पहारेकऱ्याचे गणित

संगणकशास्त्राच्या शोधनिबंधावर 'तांबे' हे आडनाव दिसले की मराठी माणूस जरा सावरून बसतो. मीही बसलो. पण मिलिंद तांबे यांचे काम वाचत गेलो तसे आडनावाचे कौतुक मागे पडले आणि एक जुनाच प्रश्न पुढे आला: पहारेकरी थोडे, दारे पुष्कळ, मग कोणाला कुठे उभे करायचे?

तांबे पिलानीच्या बिट्समध्ये शिकले. १९९१ साली त्यांनी कार्नेगी मेलनमधून डॉक्टरेट घेतली, पुढे अनेक वर्षे सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठात शिकवले आणि २०१९ मध्ये ते हार्वर्डला गेले. त्यांचा विषय 'मल्टि-एजंट सिस्टिम्स'. एजंट म्हणजे स्वतः निर्णय घेणारा प्रोग्रॅम. असे अनेक एजंट एकत्र आले की आपल्या मंडळाच्या पॉटलकसारखी गत होते. प्रत्येकजण आपापल्या परीने शहाणा, आणि टेबलावर पाच पातेली मसालेभात!

नव्वदीच्या दशकात ते लढाऊ हेलिकॉप्टरांच्या संगणकीय सरावावर काम करीत होते. एकदा टेहळणीला गेलेले हेलिकॉप्टर टेकडीवर आदळले आणि बाकीची तुकडी त्याच्या निरोपाची वाट पाहत तशीच थांबून राहिली. प्रत्येकाला आपले काम ठाऊक होते, पण आपण एका तुकडीचे आहोत हे ठाऊक नव्हते. त्यावर १९९७ मध्ये त्यांनी 'स्टीम' ही पद्धत मांडली. तिच्यात सामायिक उद्दिष्ट, आणि ते फसल्यास इतरांना कळवण्याची जबाबदारी, हे दोन्ही प्रोग्रॅममध्येच घातलेले होते.

समोरचा सहकारी नसून शत्रू असेल तर? इथे गेम थिअरी येते. हाइनरिश फॉन स्टाकेलबर्ग या अर्थतज्ज्ञाने १९३४ मध्ये असा खेळ मांडला की ज्यात एकजण आधी चाल करतो आणि दुसरा ती पाहून आपली ठरवतो. पहाऱ्याचे तसेच आहे. हल्लेखोर आधी टेहळणी करतो.

सोपे उदाहरण घेऊ. दारे दोन, पहारेकरी एक. पहिल्या दारी नुकसान ३, दुसऱ्या दारी १. पहारेकरी नेहमी पहिल्या दारी उभा राहिला तर चोर दुसरीकडून शिरेल, म्हणजे नुकसान १. नाणे उडवून ठरवले तर चोर पहिले दार निवडेल, म्हणजे सरासरी दीड. पण चारातले तीन दिवस पहिल्या दारी आणि एक दिवस दुसऱ्या दारी, तेही कोणता दिवस कुठे याचा पत्ता लागू न देता, असा पहारा ठेवला तर चोराने कुठलेही दार निवडले तरी सरासरी नुकसान पाऊणच! चोराला हे प्रमाण कळले तरी बिघडत नाही, आजचे दार कळता कामा नये.

दारे आणि शत्रूंचे प्रकार वाढले की हेच गणित अक्राळविक्राळ होते. ते वेळेत सोडवणारे अल्गोरिदम ही तांबे आणि त्यांच्या विद्यार्थ्यांची कमाई. २००७ मध्ये लॉस एंजेलिस विमानतळावरील तपासणी नाके आणि श्वानपथके यांचे वेळापत्रक 'आर्मर' ठरवू लागला. त्यानंतर २००९ मध्ये विमानांतील सशस्त्र एअर मार्शल आणि २०११ मध्ये बॉस्टन बंदरातील तटरक्षक यांच्यासाठी असेच प्रोग्रॅम आले. पुढे युगांडाच्या जंगलात चोरट्या शिकाऱ्यांचे फास शोधणाऱ्या वनरक्षकांच्याही ते उपयोगी पडले.

मला मोलाचे वाटते ते मात्र मुंबईतले काम. 'आरमान' ही संस्था गरोदर स्त्रिया आणि नवमाता यांना मोबाइलवर आरोग्याचे ध्वनिसंदेश मोफत पाठवते. अनेकजणी काही दिवसांनी ऐकणे सोडतात. त्यांना स्वतः फोन करणारे कार्यकर्ते मोजकेच. म्हणजे पुन्हा पहारेकरी थोडे, दारे पुष्कळ! इथे शत्रू नाही, म्हणून गणित वेगळे. काहीजणी फोन केला नाही तरी ऐकतील, काही फोन करूनही ऐकणार नाहीत. ज्यांच्या बाबतीत एका फोनाने फरक पडेल त्या ओळखायच्या. सुमारे २३,००० स्त्रियांवर ७ आठवडे केलेल्या आणि २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत या निवडीमुळे ऐकण्यातली घट इतर गटांपेक्षा सुमारे ३० टक्क्यांनी कमी झाली.

२०२४ मध्ये अमेरिकेतील 'एएएआय' या संस्थेने मानवहितासाठीच्या कृत्रिम बुद्धिमत्तेचा पुरस्कार तांबे यांना दिला. आपल्यातले पुष्कळजण सॉफ्टवेअरमध्ये आहेत. 'कोणाला आधी' हे ठरवणारे प्रोग्रॅम आपणही लिहितो. त्या यादीत जिचा नंबर लागला नाही तिला ते कळतही नाही. तेव्हा यादीचा निकष काय, हे गणिताआधी विचारायला हवे. 'आरमान'च्या कार्यकर्त्यांना तो प्रश्न रोज पडतो. आपल्यालाही पडावा.