पाचव्या चाकाचे गणित

मोटारीच्या जादा चाकाला आपण 'स्टेपनी' म्हणतो. वेल्समध्ये लानेली नावाचे गाव आहे आणि त्या गावात स्टेपनी नावाचा रस्ता आहे. तिथल्या थॉमस मॉरिस डेव्हिस यांनी १९०४ मध्ये जादा चाकाची कल्पना बाजारात आणली आणि रस्त्याचे नाव चाकाला चिकटले. त्या काळच्या मोटारींची चाके आजच्यासारखी चार-पाच नट सोडून काढता येत नसत. पंक्चर झाले की रस्त्याच्या कडेला बसून टायर उतरवावा लागे. डेव्हिस यांनी आरे नसलेली, पण हवा भरलेला टायर चढवलेली एक धाव तयार केली. ती पंक्चर झालेल्या चाकाच्या बाजूला पकडींनी आवळायची आणि गाडी हाकायची. साहजिकच तिचे माप मूळ चाकाशी जुळावे लागे.

मापाचा हा मुद्दा आज पुन्हा वेगळ्या रूपात पुढे येतो. मारुती जिप्सी किंवा तिचीच भाऊबंद असलेली जिम्नी अशा लहान चारचाकी-चालनाच्या गाड्यांना हौशी मालक मोठे टायर बसवतात. कच्च्या रस्त्यावर गाडी जमिनीपासून उंच राहावी, हा हेतू. चार टायर बसतात. प्रश्न उभा राहतो तो मागच्या दारावर टांगलेल्या पाचव्याचा. या पाचव्या चाकात शालेय भूमिती आणि यंत्रशास्त्र यांचे इतके धडे दडलेले आहेत की शिक्षकांनी एखादा तास त्यावर खर्च करायला हरकत नाही.

प्रथम, स्टेपनी गाडीच्या बाहेर का असते? लहान गाडीत आत जागा नसते, हे उत्तर बरोबर आहे. पण नेहमीच असे झाले नाही. १९७० साली सुझुकीची पहिली जिम्नी निघाली तेव्हा जपानमध्ये 'केई' या लहान गाड्यांच्या वर्गासाठी लांबीची मर्यादा ३ मीटर होती. चाक मागे टांगले असते तर गाडी या मर्यादेबाहेर गेली असती. म्हणून ते आत, पुढच्या प्रवाशाच्या मागे ठेवले गेले आणि चौथ्या माणसाची जागा गेली! आज ही मर्यादा ३.४ मीटर आहे आणि त्या वर्गातली जिम्नी मागच्या चाकासकट ३,३९५ मिलिमीटर भरते. आपल्याकडे २०२३ मध्ये आलेली पाच दारांची जिम्नी चाकासकट ३,९८५ मिलिमीटर आहे. स्टेपनीची जाडी गाडीच्या लांबीत मोजली जाते, ही गोष्ट विद्यार्थ्यांच्या सहसा लक्षात येत नाही.

आता टायरवरचे आकडे वाचू या. भारतातल्या जिम्नीच्या टायरवर '१९५/८० आर १५' असे लिहिलेले असते. एकाच ओळीत तीन वेगळी परिमाणे आहेत. १९५ ही टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये. ८० हे शेकडेवारीत: टायरच्या भिंतीची उंची रुंदीच्या ८० टक्के, म्हणजे १५६ मिलिमीटर. १५ हा धातूच्या रिंगचा व्यास, तोही इंचांत! (मधला 'आर' टायरच्या आतील धाग्यांची रचना सांगतो.) तेव्हा चाकाचा एकूण व्यास झाला १५ × २५.४ + २ × १५६ = ६९३ मिलिमीटर. मोठ्या टायरच्या हौशीत '२३५/७५ आर १५' हे माप बरेच दिसते. त्याचा व्यास मुलांनीच काढावा, उत्तर ७३३.५ मिलिमीटर यायला हवे. वाढ सुमारे ४० मिलिमीटरची, म्हणजे जवळजवळ ६ टक्के.

इथे पहिली निराशा होते. व्यास ४० ने वाढला तरी आस जमिनीपासून निम्म्यानेच, म्हणजे २० मिलिमीटरने वर जातो. एवढ्यासाठी बरेच काही मोजावे लागते. चाकाचा एक फेरा आता जास्त अंतर कापतो, पण वेगदर्शकाला ते ठाऊक नसते. काटा ८० दाखवतो तेव्हा गाडी पूर्वीपेक्षा ६ टक्के अधिक धावत असते, म्हणजे ८० ऐवजी ८४.७. (वेगदर्शकाने खऱ्या वेगापेक्षा कमी आकडा दाखवू नये असा आंतरराष्ट्रीय दंडक असल्याने उत्पादक तो मुळातच थोडा जास्त दाखवणारा ठेवतात. त्यामुळे यातली काही तूट भरून निघते.) शिवाय इंजिनाची ओढ लांब त्रिज्येवर पसरल्याने जमिनीवर मिळणारे बल साडेपाच टक्क्यांनी घटते. चढावर ते जाणवते.

पण आपला विषय पाचवे चाक. ते दारावरच्या ब्रॅकेटला मधोमध आवळलेले असते. मध्य तिथेच राहिला आणि त्रिज्या २० मिलिमीटरने वाढली, तर खालची कड तेवढीच खाली येते. जिम्नीत या कडेखाली लगेच बंपर आहे. मोठा टायर त्याला टेकतो, दार उघडताना घासतो. हवा कमी करून टायर कसाबसा बसवायचा, असाही तोडगा काहीजण काढतात. ज्या चाकात हवा नाही ते जवळ बाळगून अडचणीच्या वेळी काय उपयोग, हे मात्र आम्हांला कळलेले नाही. रुंदीही ४० मिलिमीटरने वाढलेली असते. ती निम्मी आत, दाराच्या पत्र्याकडे जाते आणि निम्मी बाहेर. म्हणून मग चाक वर आणि थोडे मागे सरकवणारे जादा ब्रॅकेट बसवतात. खरी कथा इथून सुरू होते.

मागचे दार बाजूच्या बिजागऱ्यांवर उघडते. चाकाचे वजन त्या बिजागऱ्यांपासून दूर टांगलेले आहे, म्हणजे ही एक तरफ झाली. अंदाजासाठी आपण आकडे धरू: जुने चाक २० किलो, मोठे चाक २७ किलो, ब्रॅकेट ३ किलो, चाकाचा मध्य बिजागऱ्यांच्या रेषेपासून ५५ सेंटिमीटर, दोन बिजागऱ्यांतले उभे अंतर ४० सेंटिमीटर. (खरी वजने रद्दीवाल्याच्या किंवा धान्याच्या दुकानातल्या काट्यावर करून पाहता येतील.) दार उघडे असताना वरची बिजागरी बाहेर ओढली जाते आणि खालची तेवढ्याच बलाने आत दाबली जाते. आघूर्णांचा समतोल मांडला की हे बल जुन्या चाकासाठी २० × ५५ ÷ ४०, म्हणजे साडेसत्तावीस किलोग्रॅम-भार येते. ब्रॅकेटसह नव्या चाकासाठी ते ४१ च्या वर जाते. दाराचे स्वतःचे वजन यात धरलेलेच नाही.

दार बंद असताना कुलपाची कडी काही भार उचलते. पण गाडी उभी थोडीच राहणार आहे? खड्ड्यात चाक आदळले की दारावर टांगलेले वस्तुमान क्षणभर दुप्पट-तिप्पट जड असल्यासारखे वागते. चाक जितके मागे सरकवलेले, तितका पत्र्यावरचा हा पीळ वाढतो. एका गचक्याने काही होत नाही. लोखंडी तार एकदा वाकवली तर तुटत नाही. तीच पुन्हा पुन्हा मागेपुढे वाकवली की तुटते, हा प्रयोग वर्गात सहज करता येतो. बिजागरीच्या बोल्टांभोवतीचा पत्रा असाच थकतो. आधी दार किंचित खाली झुकते आणि बंद करताना उचलावे लागते, मग पावसाळ्यात कडेतून पाणी झिरपते, आणि भेगा दिसतात त्या सर्वांत शेवटी.

चाक वर सरकवण्याचा दुसरा परिणाम आम्हांला अधिक गंभीर वाटतो. चाकाची वरची कड मागच्या काचेचा खालचा भाग झाकते. समरूप त्रिकोणांचा हा उत्तम प्रश्न आहे. आतला आरसा जमिनीपासून १.५ मीटर उंच आणि चाकाची वरची कड त्याच्यापासून २.५ मीटर मागे, १.०५ मीटर उंचीवर आहे असे धरा. आरशातून कडेला लागून जाणारी दृष्टिरेषा मागे जाताना हळूहळू खाली उतरते. एक मीटर उंचीचे मूल चाकामागे सुमारे २८ सेंटिमीटरपर्यंत उभे असेल तर पूर्ण झाकले जाते. आता कड ७ सेंटिमीटर वर न्या: २ त्रिज्येचे, ५ ब्रॅकेटचे. तेच मूल आता जवळजवळ ७९ सेंटिमीटरपर्यंत दिसत नाही. कड सात सेंटिमीटर चढली आणि न दिसणारी पट्टी अर्ध्या मीटरने लांबली. आकृती काढून मुलांकडून हे पडताळून घ्यावे. शाळेच्या आवारात गाडी मागे घेणाऱ्यालाही ही आकृती दाखवायला हवी. मागे कॅमेरा असेल तर काम भागते, पण पावसाळ्यात चिखलाने तो आंधळा होतो.

मग चार टायर मोठे आणि दारावर जुनीच लहान स्टेपनी, असे केले तर? वरचे सगळे प्रश्न मिटतात आणि नवा उभा राहतो. ६९३ मिलिमीटरचे चाक एका किलोमीटरला सुमारे ४५९ फेरे घेते, ७३३.५ चे ४३४. फरक २५ फेऱ्यांचा. मागच्या आसावर एका बाजूला लहान आणि दुसऱ्या बाजूला मोठे चाक आले की आसातले डिफरन्शियल तो फरक पचवते. वळणावर ते हेच काम करते. फक्त इथे वळण संपतच नाही. सावकाश चालवत गावातल्या पंक्चरवाल्यापर्यंत जाणे शक्य आहे.

चारचाकी-चालन लावले की मात्र चित्र बदलते. जिप्सी-जिम्नीसारख्या गाड्यांत त्या वेळी पुढचा आणि मागचा प्रोपेलर शाफ्ट एकमेकांशी घट्ट जोडले जातात. त्यांच्यामध्ये डिफरन्शियल नसते. मागच्या आसाची सरासरी ४४६ फेऱ्यांच्या वर आणि पुढची ४३४. यंत्रणा मात्र दोन्ही समान असावेत असा आग्रह धरते. चिखलात किंवा वाळूत चाके थोडी घसरून हा ताण सोडून देतात. कोरड्या डांबरावर घसरायला वाव नसतो, आणि शाफ्ट व दाते पिळवटत जातात. शिवाय घसरण ओळखणारी आधुनिक यंत्रणा चारही चाकांचे फेरे ताडून पाहत असते. सतत जास्त फिरणारे लहान चाक घसरते आहे असा तिचा गैरसमज होऊ शकतो. आणि पंक्चर बहुधा कुठे होते? चारचाकी-चालन लागावे अशाच ठिकाणी.

चाक टपावर नेणे हाही एक पर्याय. २७ किलो वजन ९० सेंटिमीटर वर गेले तर सुमारे १,२०० किलोच्या गाडीचा गुरुत्वमध्य २ सेंटिमीटर वर चढतो. आकडा लहान आहे, पण अरुंद गाडीला तो हवासा नाही. आणि २७ किलोचे चाक टपावरून एकट्याने उतरवणेही सोपे नाही. त्यापेक्षा मागच्या बंपरला जोडलेला, बाजूला फिरणारा स्वतंत्र दांडा बरा. त्यात चाकाचा भार दाराऐवजी गाडीच्या शिडीसारख्या चौकटीवर जातो, आणि हा भार पेलण्यासाठीच ती घडवलेली असते. मात्र दार उघडण्यापूर्वी दर वेळी दांडा फिरवावा लागतो.

आमचे मत विचाराल तर '२१५/७५ आर १५' या मापाशी थांबावे. त्याचा व्यास ७०३.५ मिलिमीटर, म्हणजे वाढ फक्त दीड टक्क्याची. स्टेपनीची कड जेमतेम ५ मिलिमीटर खाली येते. जुनी स्टेपनी वापरण्याची वेळ आली तर किलोमीटरमागे २५ ऐवजी ७ फेऱ्यांचा फरक पडतो. गाडी उंच होते तीही ५ मिलिमीटरच. हौस पुरी होत नाही, हे कबूल. टायर कोणताही घेतला तरी, उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलांत बदल करण्यावर १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाने मर्यादा घातली आहे. ती आधी तपासून घ्यावी.

पाचही चाके मोठी घेतलीच असतील तर घरच्या अंगणात एकदा जॅक लावून पाहावा. पंक्चर झालेले चाक बसके असते, आणि त्याच्या जागी पूर्ण फुगलेले चाक चढवायला आस पूर्वीपेक्षा २० मिलिमीटर जास्त उचलावा लागतो. गाडीबरोबर आलेल्या जॅकची उचल तेवढी पुरते का, हे घाटातल्या रात्रीपेक्षा अंगणात कळलेले बरे. पुरत नसेल तर जॅकखाली ठेवायला जाड लाकडी फळीचा एक तुकडा गाडीत टाकून ठेवावा.