केरूनानांचा चंद्र

एफ. ई.ला मेकॅनिक्स सगळ्यांनाच असतं. फ्री बॉडी डायग्राम काढा, सिग्मा एफएक्स इज इक्वल टू झीरो, सिग्मा एफवाय इज इक्वल टू झीरो, आणि देवाचं नाव घेऊन व्हायवाला जा. मग सेकंड इयरला आलं की सगळे म्हणतात, न्यूटन काय, तीनशे वर्षांपूर्वीचा, आता क्वांटमचा जमाना आहे. मला हे पटत नाही. न्यूटनचे तीन नियम पाठ करायला पाच मिनिटं पुरतात, पण त्यांतून एक चंद्र नीट बाहेर काढायला युरोपातल्या थोर डोक्यांना पाऊणशे वर्षं लागली. आणि तो चंद्र मराठी पंचांगात आणला आपल्या पुण्यातल्या एका प्रोफेसरांनी.

केरो लक्ष्मण छत्रे, म्हणजे केरूनाना. जन्म १८२४, अलिबागजवळच्या नागावचा. कोवळ्या वयात मुंबईला कुलाब्याच्या वेधशाळेत कामाला लागले, पुढे पुण्यात गणिताचे प्राध्यापक झाले. डेक्कन कॉलेजात टिळक त्यांचे विद्यार्थी. १८६० साली त्यांनी ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ हे पुस्तक काढलं, युरोपियन ज्योतिषग्रंथांच्या आधारे, पण मराठीत. त्यावरून १८६५ पासून नवं पंचांग निघालं. आबासाहेब पटवर्धनांनी पाठबळ दिलं म्हणून ते पटवर्धनी पंचांग.

आता मुळात जुन्या पंचांगात बिघडलं काय होतं? मी कॉन्व्हेंटवाली, मला घटी म्हणजे काय तेही आजीला विचारावं लागलं. (घटी म्हणजे २४ मिनिटं, दिवसाच्या ६० घटी.) तिथी म्हणजे मात्र सोपी भूमिती आहे. सूर्य आणि चंद्र यांच्यातला कोन १२ अंशांनी वाढला की एक तिथी संपली. चंद्र सूर्याच्या पुढे तासाला साधारण अर्धा अंश सरकतो. म्हणजे चंद्राची जागा एका अंशाने चुकली की तिथी दोन तासांनी चुकते, आणि मेसमध्ये साबुदाण्याची खिचडी कोणत्या दिवशी करायची हा प्रश्न उभा राहतो. आपल्याला हसू येतं, पण त्या काळी ज्यांचे उपास, श्राद्धं, लग्नं यावर ठरत होती त्यांना हसू येण्यासारखं काही नव्हतं.

जुनी गणितं वाईट नव्हती. गणेश दैवज्ञाचा ‘ग्रहलाघव’ हा १५२० चा ग्रंथ इतका सुटसुटीत आहे की आपल्या कॅलक्युलेटरवाल्या पिढीने लाजावं. त्यात चंद्राच्या सरासरी जागेला एक मुख्य दुरुस्ती देतात, जास्तीत जास्त ५ अंशांची. पौर्णिमा-अमावास्येला ही दुरुस्ती जवळजवळ बरोबर बसते. पण अष्टमीच्या आसपास खरी दुरुस्ती साडेसात अंशांपर्यंत जाते. अडीच अंशांचा फरक, म्हणजे तिथीत पाच तासांचा! ग्रहणं पौर्णिमा-अमावास्येलाच होतात, त्यामुळे ग्रहणावरून पंचांग तपासणाऱ्याला ही चूक सहसा पकडता यायची नाही. (मुंजालाने ९३२ साली या दुसऱ्या दुरुस्तीसारखं काहीतरी दिलं होतं, पण ते सर्वांनी उचललं नाही.)

हा फरक येतो कुठून? इथे आपलं मेकॅनिक्स सुरू होतं. सूर्य चंद्राला पृथ्वीपेक्षा दुपटीहून जास्त जोराने ओढतो. मग चंद्र पृथ्वीला सोडून सूर्याकडे का जात नाही? कारण सूर्य पृथ्वीलाही जवळपास तेवढ्याच प्रवेगाने ओढतो. पीएमपीच्या बसने ब्रेक मारला की उभे असलेले सगळे एकदमच पुढे झुकतात, तुमच्यातलं आणि शेजारच्यातलं अंतर फारसं बदलत नाही, तसंच. उरतो तो फक्त दोन ओढींमधला थोडासा फरक. पण तो फरक महिन्यात कधी चंद्राला पृथ्वीपासून लांब खेचतो, कधी जवळ ढकलतो, कधी वेग वाढवतो, कधी कमी करतो. दोन वस्तूंचा हिशोब न्यूटनने सुरेख सोडवला. तिसरी आली की उत्तर एका ओळीत मिळत नाही. एकामागून एक दुरुस्त्या जोडत बसावं लागतं.

न्यूटनचा स्वतःचा हिशोबही इथेच अडकला. चंद्राची लंबवर्तुळाकार कक्षा स्वतःच हळूहळू फिरते, एक फेरी ८.८५ वर्षांत. गणिताने ती येत होती साधारण १८ वर्षांत. ऑयलर, दालांबेर, क्लेरो, सगळ्यांना तोच आकडा. १७४७ मध्ये क्लेरोने तर जाहीरच केलं की गुरुत्वाकर्षणाचा नियम बदलावा लागेल. दोन वर्षांनी त्याला कळलं की नियम ठीक आहे, ‘लहान आहेत’ म्हणून सोडून दिलेल्या पदांनी घोटाळा केला होता. ती धरल्यावर आकडा जुळला. ‘नेग्लेक्टिंग हायर ऑर्डर टर्म्स’ असं फळ्यावर येतं तेव्हा मला हटकून क्लेरो आठवतो.

केरूनानांच्या कोष्टकांमागे ही सगळी झटापट होती. पण पुण्यातल्या लोकांना ती दिसणार कशी? त्यांना दिसलं ते एवढंच की तिथी भलत्याच लांबतात आणि आखडतात. जुना दंडक होता ‘बाणवृद्धी रसक्षय’, म्हणजे तिथी ६० घटींपेक्षा फार तर ५ घटी वाढेल आणि ६ घटी घटेल. खरा चंद्र हे पाळत नाही. त्याची तिथी २० तासांचीही होते आणि पावणेसत्तावीस तासांचीही. शास्त्र मोठं की आकाश, असा तो वाद होता. टिळकांनी पुढे आकाशाची बाजू उचलून धरली. अयनांशांचं भांडण वेगळंच, त्यात मी शिरत नाही. आज भिंतीवरच्या मराठी कॅलेंडरात छापलेल्या तिथी बहुतेक या दृक्पद्धतीच्याच असतात.

याच परंपरेतले व्यंकटेश बापूजी केतकर, बागलकोटचे, पेशाने शिक्षक. १९११ साली त्यांनी फ्रेंच ज्योतिषसंस्थेच्या पत्रिकेत लिहिलं की नेपच्यूनपलीकडे ग्रह असावा, अंतर पृथ्वीच्या ३८.९५ पट, फेरी सुमारे २४२ वर्षांची. गुरूच्या चंद्रांमध्ये लाप्लासला जो आकड्यांचा मेळ सापडला होता, तसा त्यांनी इथे लावून पाहिला. १९३० मध्ये प्लूटो सापडला: ३९.५ पट, २४८ वर्षं. अंगावर काटा येतो ना? पण थांबा. प्लूटो आपल्या चंद्राहूनही कितीतरी हलका निघाला. आणि ज्या युरेनसच्या गडबडीवरून इतर लोक नवा ग्रह शोधत होते, ती गडबड व्हॉयेजर-२ ने १९८९ मध्ये नेपच्यूनचं वस्तुमान नीट मोजल्यावर विरूनच गेली. केतकरांचा आकडा जुळला यात नशीबही बरंच असावं. माझा त्यांच्याबद्दलचा आदर त्याने कमी होत नाही, शाळेची नोकरी सांभाळून हाताने केलेलं गणित आहे ते.

२३ ऑगस्ट २०२३ ला चांद्रयान-३ उतरलं, ते आपण टीव्हीवर पाहिलं. त्याची वाट आखताना वापरली ती हीच समीकरणं. आता कॉम्प्युटर छोट्या छोट्या पावलांनी ती सोडवत जातो, सूर्य-गुरूची ओढही धरतो, आणि आइन्स्टाइनच्या दुरुस्त्या अगदी शेवटी, चिमूटभर.

ज्यांना पटत नसेल त्यांनी सर्व्हेइंग लॅबमधला बॉक्स सेक्स्टंट मागून घ्यावा. शुक्ल अष्टमीच्या बरोबर मध्यावर चंद्र सूर्यापासून ९० अंशांवर असतो. कॅलेंडरवरून ती वेळ काढा, दिवसाउजेडी येत असेल तर टेरेसवर जाऊन कोन मोजा. आपण पृथ्वीच्या पाठीवर उभे असल्याने अंशभर फरक पडू शकतो, तो धरा. आणि काळी काच लावल्याशिवाय सूर्याकडे बघू नका.