कुठल्या पत्त्यावर अडलात?

गणपतीत गिरगाव-लालबागच्या चाळींत रात्र जागवायची तर रमी हवीच. आरती आटोपली की गॅलरीत सतरंजी पडते, दोन कॅट पिसले जातात आणि थोड्याच वेळात कुणीतरी जाहीर करतो, 'एका पत्त्यावर अडलोय!' कुठल्या पत्त्यावर, यातच खरी गोम आहे.

समजा, प्युअर सिक्वेन्स लागायची आहे. हातात बदामाची छक्की-सत्ती असेल तर पंजीही चालते, अठ्ठीही. दोन कॅटांत असे चार पत्ते. छक्की-अठ्ठी असेल तर फक्त सत्ती, म्हणजे दोनच. एक्का-दुर्रीचंही तेच, तिर्रीवाचून गत्यंतर नाही. दोन छापील जोकर धरून १०६ पत्ते. त्यांतून हातातले १३, उघडलेला जोकर आणि पडून गेलेले २० वगळले तर न दिसलेले ७२ उरतात. हवे ते सगळे पत्ते त्यांतच असतील, तर पाच उचलींत पहिल्याची सुटका होण्याची शक्यता सुमारे २५ टक्के, दुसऱ्याची जेमतेम साडेतेरा. आधीच्या भिडूने टाकलेला पत्ता कामी आला तर ती चंगळ वेगळी.

जपानी माहजाँगमध्ये १३६ सोंगट्या, एकेका प्रकारच्या चार. तिथेही दोन्हीकडून उघडी जोडी आठ सोंगट्यांची वाट पाहते, मधली फट चारांची, प्रमाण तेच. मात्र तिथे टाकलेल्या सोंगट्या प्रत्येकासमोर रांगेने मांडलेल्या दिसतात. रमीत पत्त्यावर पत्ता पडतो आणि सगळा हिशेब डोक्यात ठेवावा लागतो.

मग जोकर येतो आणि गणित फिरवतो. राणी जोकर उघडली असेल तर सात राण्या आणि दोन छापील, असे नऊ पत्ते कुठेही चालतात. चाराचे तेरा होतात, दोनाचे अकरा. फरक फारसा उरतच नाही! पण प्युअरला जोकर चालत नाही. म्हणून मुरलेला खेळाडू प्युअरसाठी उघडी जोडी राखतो आणि फट जोकरच्या भरवशावर सोडतो.

१९६७ मध्ये आंध्र प्रदेश सरकार विरुद्ध के. सत्यनारायण खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ ठरवला, तो याच आधारावर: पडलेले पत्ते लक्षात ठेवावे लागतात, काय धरायचं नि काय टाकायचं हे कळावं लागतं. तीन पत्तीच्या पंगतीला रमी बसवली गेली नाही.

तरीही दोन्ही सत्त्या पडून गेल्यावर छक्की-अठ्ठी उराशी धरून बसणारे महाभाग मजल्यामजल्यावर सापडतात. समोरच्याने डाव लावला की प्युअर नसल्याने त्यांचा अख्खा हात मोजला जातो, ८० पॉइंटांपर्यंत.