कादंबरी वाचा, पण पेन्सिल घेऊन

एप्रिल उजाडला की आपल्या वऱ्हाडात दुपारी बारा ते पाच घराबाहेर पडायची सोय राहत नाही. पारा ४५ अंशांच्या आसपास घुटमळत असतो. अशा वेळी कूलरपुढे बसून करायचे काय? या पाच तासांसाठी मी तुम्हांला काही कादंबऱ्या सुचविणार आहे.

पदार्थविज्ञान शिकविणाऱ्या माणसाने हा उद्योग का करावा, असे तुमच्या घरच्यांना वाटेल. "बारावी होईपर्यंत आमच्याकडे अवांतर वाचन बंद!" असे एका पालकांनी मला मोठ्या अभिमानाने सांगितले होते. मला त्यांच्या मुलाची काळजी वाटली. अकरावीला येणाऱ्या पुष्कळ मुलांना गतीची सूत्रे तोंडपाठ असतात, पण सूत्रातली गाडी काही त्यांच्या डोळ्यांपुढे धावत नाही. उत्तर वेडेवाकडे आले तरी ती निमूटपणे त्याच्याखाली दोन रेघा ओढतात. चित्र डोळ्यांपुढे आणण्याची सवय असलेली मुले बहुधा गोष्टी वाचणारी असतात, असा माझा अनुभव आहे.

पहिले पुस्तक भा. रा. भागवतांचे. होय, फास्टर फेणेवालेच! फ्रेंच लेखक ज्यूल व्हर्न याची चांद्रसफर त्यांनी 'चंद्रावर स्वारी' या नावाने मराठीत आणली. व्हर्नची मूळ पुस्तके १८६५ आणि १८७० सालची. त्याची माणसे एका प्रचंड तोफेच्या पोकळ गोळ्यात बसून चंद्राकडे निघतात. मूळ कथेत तोफ ९०० फूट, म्हणजे सुमारे २७४ मीटर लांब आहे आणि गोळा सेकंदाला १२,००० यार्ड, म्हणजे जवळजवळ ११ किलोमीटर वेगाने सुटतो. पृथ्वीच्या ओढीतून कायमचे सुटायला सेकंदाला ११.२ किलोमीटर वेग लागतो. तेव्हा व्हर्नने हा आकडा उगाच ठोकून दिलेला नाही, हे ध्यानात घ्या.

आता पेन्सिल उचला. त्वरण म्हणजे वेगाचा वर्ग भागिले अंतराची दुप्पट. ११,००० चा वर्ग करून त्याला ५४८ ने भागा. उत्तर सुमारे २,२०,००० येते. गुरुत्वत्वरण ९.८, म्हणजे हे त्याच्या २२,००० पटींहून अधिक झाले. ५० किलोच्या मुलाला तोफेत आपले वजन ११०० टन वाटेल. वाटून घ्यायला तो शिल्लक राहिला तर! व्हर्नने धक्का सोसण्यासाठी तळाशी पाण्याची गादी घातली आहे, पण असल्या धक्क्यापुढे तिचा काय पाड? मग माणसे जिवंत राहावीत म्हणून नळी किती लांब हवी? गुरुत्वाच्या तिप्पट त्वरण माणूस सोसतो असे धरा आणि तेच सूत्र उलटे फिरवा. नळी सुमारे २००० किलोमीटर लांब येते. अमरावती ते अकोला हे अंतर १०० किलोमीटर धरले, तर दहा वेळा जाऊन परत येण्याइतकी!

याच सफरीत आणखी एक मौज आहे. वाटेत प्रवाशांचा एक कुत्रा मरतो. त्याचे शव ते खिडकीतून बाहेर टाकतात, तर ते यानाबरोबरच चालू लागते. हे अगदी बरोबर आहे, कारण दोघांवरही सारखेच त्वरण आहे. परंतु यानाच्या आत मात्र माणसे खुशाल जमिनीवर उभी! पृथ्वी आणि चंद्र यांची ओढ जेथे समान होते, तेवढ्या एकाच जागी ती तरंगतात. बाहेरचा कुत्रा तरंगतो, मग आतला माणूस का नाही? हा प्रश्न स्वतःला विचारा. त्याचे उत्तर ज्याला सापडले, त्याला वजनरहित अवस्था शिकवावी लागत नाही. आणि गंमत पाहा, व्हर्नचे तिघे प्रवासी फ्लॉरिडातून निघतात आणि प्रशांत महासागरात उतरतात. १९६९ साली अपोलो ११ मधल्या तिघांनीही तेच केले.

भागवतांनंतर जयंत नारळीकर. २०२५ मध्ये ते आपल्यातून गेले. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत त्यांनी आपली आद्याक्षरे उलटी करून 'नारायण विनायक जगताप' या नावाने कथा पाठविली होती. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून ती पत्नीकडून लिहून घेतली होती. कथेला बक्षीस मिळाले ते कथेच्या गुणावर! त्यांच्या कादंबऱ्यांपैकी 'प्रेषित' आधी वाचा, मग 'वामन परत न आला'. माणसे रंगविण्यात नारळीकरांचा हात थोडा कोरडा आहे, हे मला मान्य आहे. पण कोणती गोष्ट आज शक्य आहे आणि कोणती कल्पनेची, ही सीमारेषा इतकी स्वच्छ आखणारा दुसरा लेखक मला ठाऊक नाही.

विज्ञानाची कादंबरी म्हटली की याने आणि यंत्रमानवच हवेत असे मात्र नाही. व्यंकटेश माडगूळकरांची 'सत्तांतर' ही चिमुकली कादंबरी वानरांच्या टोळ्यांची आहे. १९८३ साली तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. तीत क्रौर्य आहे, म्हणून नववीच्या पुढच्यांनीच ती हाती घ्यावी. टोळी जिंकणारा नवा नर आधीच्या नराची पिल्ले मारतो, ही लेखकाची कल्पना नव्हे. १९६० नंतरच्या दशकात सुगियामा या जपानी शास्त्रज्ञाने धारवाडजवळ हे नोंदविले. पुढे सेरा हर्डी यांनी अबूच्या वानरांवर काम केले आणि पिल्ले गेली की माद्या लवकर पुन्हा आई होऊ शकतात, त्यामुळे नव्या नराचा वंश पुढे सरकतो, असा उलगडा १९७७ च्या पुस्तकात मांडला. त्यावर पुष्कळ वाद झाले. चिखलदऱ्याला वानरे तुम्ही पाहिलीच असतील. 'सत्तांतर' वाचल्यावर त्यांना भुईमुगाच्या शेंगा टाकण्याऐवजी तासभर नुसते न्याहाळावेसे वाटेल.

आणि एक आपल्या घरची. गो. नी. दांडेकर यांचा जन्म १९१६ सालचा, आपल्या परतवाड्याचा. त्यांची 'पूर्णामायची लेकरं' वऱ्हाडी बोलीत आहे. शहरात शिकायला गेल्यावर आपली बोली लपविणारी मुले मी पाहतो. त्यांनी ही जरूर वाचावी, आणि वाचल्यावर पूर्णाकाठच्या एखाद्या विहिरीचे पाणी चाखून ते खारे का, हेही शोधावे. हा खारपाणपट्टा आपला आहे, त्याचा शोध घ्यायला परग्रहावरून कोणी यायचे नाही.

पुस्तके विकतच घ्यायला हवीत असे नाही. अकोल्यात बाबूजी देशमुख वाचनालय आहे. इतर गावांतही शाळेच्या कुलूपबंद कपाटांत पुष्कळ काही असते. किल्ली मागायला मात्र लाजू नका.

जाता जाता एक काम देतो. भागवतांचेच 'मुक्काम शेंडेनक्षत्र' मिळवा. व्हर्नच्या मूळ कथेत काही माणसे धूमकेतूवर जाऊन पडतात. तेथे गुरुत्व पृथ्वीच्या एक सप्तमांश आहे आणि पाणी ६६ अंशांवरच उकळते, त्यामुळे अंडी शिजता शिजत नाहीत. पृथ्वीवर सेकंदाचा ठोका देणारा लंबक तेथे किती वेळाने ठोका देईल, ते काढा. आणि पुढच्या खेपेस सहल चिखलदऱ्याला गेली, की प्रयोगशाळेतला तापमापक सरांच्या परवानगीने बरोबर न्या. ते ठिकाण सुमारे ११०० मीटर उंच आहे. चहाच्या आधणात पारा १०० च्या किती खाली थांबतो, ते पाहून वहीत लिहून ठेवा.