एकाच दृश्याची सहा छायाचित्रे

वर्गाच्या मागच्या भिंतीशी उभे राहून कॅमेरा खिडकीकडे रोखा. बाहेरचे झाड नीट आले तर बाके काळीठिक्कर पडतात. बाके दिसली तर खिडकी पांढरीफटक. डोळ्यांना मात्र दोन्ही दिसतात. मग कॅमेऱ्याचे अडते कुठे?

पर्जन्यमापक आठवा. भांडे भरून वाहू लागले की पाऊस किती पडला हे ते सांगू शकत नाही. तळाशी दोन-चार थेंबच जमले तर तेही मोजता येत नाहीत. कॅमेऱ्याच्या संवेदकावर प्रकाश साठवणारी अशी लक्षावधी चिमुकली भांडी असतात. प्रखर भागातली ओसंडतात, अंधाऱ्या भागातली जवळजवळ रिकामी राहतात.

उपाय म्हणजे भांडे उघडे ठेवण्याचा काळ बदलणे. कॅमेरा स्टँडवर घट्ट बसवून १/१०००, १/२५०, १/६०, १/१५, १/४ आणि १ सेकंद अशी सहा छायाचित्रे घ्यायची. दर पायरीला प्रकाश सुमारे चौपट, एकूण हजारपट. यालाच ब्रॅकेटिंग म्हणतात. भिंगाचे छिद्र मात्र बदलायचे नाही. नाहीतर जवळच्या व दूरच्या वस्तूंची रेखीवता बदलते.

पुढचे काम हिशोबाचे. नोंद ० ते २५५ असते आणि ती प्रकाशाच्या प्रमाणात वाढते असे समजू. एका बिंदूची नोंद १/२५० सेकंदाला १९ आली, १/६० ला ८०. काळाने भागल्यास सेकंदाला अनुक्रमे ४७५० आणि ४८०० मिळतात, उत्तरे जुळली. १/१५ ला ३२० हवी होती, पण ती २५५ वरच अडकली. ती नोंद टाकून द्यायची. प्रत्यक्षात बहुतेक छायाचित्रांत नोंद अशी सरळ प्रमाणात नसते. ते प्रमाण अशा छायाचित्रांवरूनच कसे शोधावे, हे पॉल डेबेव्हेक व जितेंद्र मलिक यांनी १९९७ साली दाखवले.

याची खरी कसोटी खग्रास सूर्यग्रहणात लागते. करोनाचे तेज सूर्याच्या कडेपासून दूर जाताना शेकडो पटींनी घटते. कडेवरच्या ज्वाळा अत्यल्प काळात टिपल्या जातात, तर दूरचे फिकट पदर यायला सेकंदभरही लागतो. २४ ऑक्टोबर १९९५ च्या ग्रहणात भारतातून खग्रास स्थिती जेमतेम मिनिटभर दिसली. एवढ्या वेळात विचार करायला सवड नसते. सहा पायऱ्या आधीच ठरवून सराव करावा लागतो.

विद्यार्थ्यांकडून हा प्रयोग खिडकीवर करून घ्यावा, सूर्यावर नव्हे. छायाचित्रातला पांढरा डाग ‘येथे प्रकाश इतका होता’ असे सांगत नाही. ‘येथे मोजता आले नाही’ एवढेच सांगतो, हे त्यांना स्वतः पडताळता येईल.