वऱ्हाडची शकुंतला

ट्राम म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे मुंबई नाहीतर कलकत्ता उभे राहते. मुंबईत 1874 साली घोड्यांनी ओढलेली ट्राम सुरू झाली, 1907 साली ती विजेवर धावू लागली आणि 31 मार्च 1964 रोजी ती कायमची बंद झाली. अमरावती-अकोल्याच्या वाट्याला अशी शहरातली ट्राम कधी आली नाही. तरीही ट्रामच्या कुळातली म्हणता येईल अशी एक अरुंद रुळांची गाडी आपल्या शेतांमधून शंभर वर्षांच्या आसपास धावत होती. लोक तिला शकुंतला म्हणतात. आपल्या महाविद्यालयात दर्यापूर-अंजनगावकडून येणारे बरेच विद्यार्थी आहेत. तिचे रूळ त्यांनी पाहिलेले असतील, पण ती आली कशी आणि थांबली का, याची माहिती फारच थोड्यांना असते. म्हणून हा लेखनप्रपंच.

या गाडीचे मूळ कापसात आहे. 1853 साली निजामाकडून वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे आला. पुढे 1861 ते 1865 या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस अडला आणि इंग्लंडच्या गिरण्यांचे डोळे आपल्या काळ्या जमिनीकडे वळले. ‘ग्रेट इंडियन पेनिन्शुला’ म्हणजेच जी. आय. पी. रेल्वेचा लोहमार्ग 1867 साली नागपूरपर्यंत पोचला. मौज अशी की, हा मार्ग कापसाच्या दोन मोठ्या बाजारपेठांना चुकवून गेला. खामगाव बाजूला राहिले आणि अमरावतीही बाजूला राहिली. मग जलंबपासून खामगावपर्यंत आठ मैलांचा आणि बडनेऱ्यापासून अमरावतीपर्यंत सहा मैलांचा, असे दोन फाटे सरकारला काढावे लागले. खामगावचा फाटा 1870 साली व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांच्या हस्ते खुला झाला. अवघ्या आठ मैलांच्या रुळासाठी व्हाइसरॉय वऱ्हाडात येतो, यावरून कापसाचे वजन लक्षात यावे.

पण जुने एलिचपूर, म्हणजे आपले अचलपूर, आणि दक्षिणेकडचे यवतमाळ ही दोन्ही ठाणी मुख्य मार्गापासून बरीच दूर होती. एवढ्या अंतरासाठी साडेपाच फुटी रूळ टाकायचे तर खर्च परवडत नव्हता. याला उत्तर आधीच सापडलेले होते. एव्हरार्ड कॅल्थ्रॉप या इंग्रज इंजिनिअरने 1897 साली बार्शी लाईट रेल्वे सुरू करून दाखवली होती. तिच्या दोन रुळांमधले अंतर अवघे अडीच फूट होते. कोणत्याही आसावर पाच टनांहून अधिक भार पडू द्यायचा नाही, हे त्याचे सूत्र होते. भार कमी असला की रूळ हलके चालतात, पूल लहान चालतात, भराव अरुंद चालतो आणि वळणेही आखूड घेता येतात. ट्रामचा विचार याहून वेगळा काय असतो? मोठी गाडी जिथवर पोचत नाही तिथवर माणसे आणि माल हलक्या खर्चात न्यायचा, एवढेच.

मुंबईच्या किलिक-निक्सन कंपनीने 1910 साली सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनी उभी केली, आणि पहिले महायुद्ध संपण्यापूर्वी अडीच फुटी रुळांवर गाड्या धावू लागल्या. मूर्तिजापूर हे मध्य. तिथून उत्तरेला दर्यापूर, अंजनगाव, पथ्रोट करीत अचलपूरपर्यंत 76 किलोमीटर, आणि दक्षिणेला कारंजा, दारव्हा, लाडखेड करीत यवतमाळपर्यंत 113 किलोमीटर. वर्धा जिल्ह्यातला पुलगाव-आर्वी हा 35 किलोमीटरचा मार्गही याच कंपनीचा.

या वाटेवरची गावे पाहिली की इतिहासाच्या विद्यार्थ्याला राहवत नाही. अंजनगाव-सुर्जी म्हणजे 30 डिसेंबर 1803 रोजी दौलतराव शिंद्यांनी इंग्रजांशी तह केला ते ठिकाण. अचलपूर ही इमादशाहीची राजधानी. कारंजा हे श्रीनृसिंहसरस्वतींचे जन्मस्थान, त्यामुळे दत्तभक्तांची तिथे सदैव रीघ. गाडगेबाबांचा जन्म अंजनगाव तालुक्यातल्या शेंडगावचा आणि बालपण मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुऱ्याचे, म्हणजे तेही याच पट्ट्यातले. असो.

गाडीचे इंजिन हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. 1921 साली मँचेस्टरमध्ये बांधलेले वाफेचे इंजिन 1923 पासून या मार्गावर होते आणि एप्रिल 1994 पर्यंत चालले. सत्तर वर्षे! त्यानंतर डिझेल इंजिन आले. ज्या मँचेस्टरच्या गिरण्यांसाठी आपला कापूस निघाला, तिथूनच तो ओढायला इंजिन आले. मात्र तोवर वऱ्हाडचा आखूड धाग्याचा कापूस मुंबईच्या गिरण्यांत आणि जपानकडेही जाऊ लागला होता.

माझे आजोळ दर्यापूरकडचे. आजोबा या गाडीविषयी बोलताना नेहमी म्हणत, “गाडी सुटली त घाबराचं काय? पुढच्या टेसनावर गाठता येते!” यात अतिशयोक्ती फार नव्हती. अखेरच्या काळात गाडीतली मोजकी माणसेच सगळी कामे करीत. गार्डच तिकिटे देई. फाटक आले की गाडी थांबे, कोणीतरी उतरून फाटक लावी, गाडी पलीकडे जाई, मग फाटक उघडून तो परत चढे. तरीही डबे भरलेले असत, कारण एस. टी.च्या मानाने भाडे अगदीच किरकोळ. मजूर, भाजीवाल्या बाया, अंजनगावची पाने घेऊन निघालेले लोक यांना वेळेपेक्षा पैसा महत्त्वाचा होता.

मग ही गाडी मागे का पडली? पहिले कारण मूर्तिजापूरलाच दिसते. छोट्या गाडीचा डबा मोठ्या रुळावर चालत नाही. कापसाची प्रत्येक गाठ तिथे उतरवायची आणि दुसऱ्या डब्यात चढवायची. हमाली दुप्पट, वेळ दुप्पट. जिनच्या दारातून थेट गिरणीच्या दारात जाणारा ट्रक आला, तेव्हा मालवाहतूक हातची गेली आणि उरले ते गरीब उतारू.

दुसरे कारण कराराचे आहे आणि मला ते अधिक गंभीर वाटते. रूळ कंपनीचे, गाड्या चालवायच्या जी. आय. पी.ने, पुढे मध्य रेल्वेने, आणि मालकाला मोबदला द्यायचा, अशी ती व्यवस्था. “आपण अजूनही इंग्रजांना पैसे भरतो” असे पुष्कळ छापून आले आहे, पण ते बरोबर नाही. किलिक-निक्सन स्वातंत्र्यानंतर भारतीय उद्योजकांच्या हाती आली होती. खरा प्रश्न वेगळाच आहे. दुसऱ्याच्या मालकीच्या रुळावर सरकारने पैसा का घालावा? आणि गाड्या दुसराच चालवतो, तर कंपनीने तरी का घालावा? दोघांच्या मध्ये रूळ झिजत राहिले. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. अशा जमिनीवरच्या रुळाला तर सतत डागडुजी लागते. ती अपुरी पडली की वेग कमी करावा लागतो, वेग कमी झाला की उतारू घटतात, उतारू घटले की खर्चाला नकार मिळतो.

हे केवळ माझे तर्कट नव्हे. बार्शी लाईट रेल्वेही तेवढ्याच रुंदीची, कापसाचीच. ती 1954 साली सरकारने ताब्यात घेतली आणि 2008 पर्यंत कुर्डुवाडी-लातूर मार्ग रुंद झाला. शकुंतलेची मालकी मात्र 1951 साली मध्य रेल्वे स्थापन झाल्यावरही कंपनीकडेच राहिली. 2016 साली, सुरेश प्रभू रेल्वेमंत्री असताना, अचलपूर ते यवतमाळ मार्ग रुंद करण्याच्या सुमारे 1,500 कोटी रुपयांच्या योजनेला मान्यता मिळाली. पण 2020 पर्यंत दोन्ही फाट्यांवरच्या छोट्या गाड्या बंद पडलेल्या होत्या. यवतमाळला निदान दुसरी वाट दिसते आहे. वर्धा-यवतमाळ-नांदेड या नव्या मार्गाचा वर्धा ते कळंब हा टप्पा 2024 साली खुला झाला. दर्यापूर, अंजनगाव, पथ्रोट यांना मात्र अडीच फुटांच्या त्या जुन्या रुळाखेरीज दुसरा रूळ कधीच मिळालेला नाही.