मोगऱ्याला कर नाही

वसईत पारनाक्याजवळच्या एका दहा बाय बाराच्या खोलीत 31 मे 2024 चा दिवस मी पावती पुस्तकांतली अक्षरं लावत काढला. मुलांच्या फिया आणि वह्यांचा खर्च उचलणारी छोटी संस्था. पगारी माणूस एकही नाही. संस्थांनी इंटरनेटवर यावं म्हटलं की फेसबुक, व्हिडिओ यांचीच चर्चा होते. आमच्या खोलीत त्या दिवशी इंटरनेट म्हणजे आयकर खात्याचं पोर्टल आणि फॉर्म 10-बीडी.

ज्या संस्थेला दिलेल्या देणगीवर आयकराच्या 80-जी कलमाची सवलत मिळते, तिला 2021-22 पासून वर्षभराच्या देणगीदारांची यादी या फॉर्मात द्यावी लागते. नाव, पत्ता, ओळख क्रमांक, रक्कम, रोख की बँकेतून. मुदत 31 मे. पुढे दिवसाला 200 रुपये विलंबशुल्क. मग 10-बीई प्रमाणपत्र तयार होतं आणि त्याच्या आधारावर देणगीदाराला वजावट मिळते.

हिशेब बघणारे काका पावत्या वाचत होते, कॉलेजातली एक मुलगी टाइप करत होती. "डिसोझा," काका म्हणाले. ती थांबली. "काका, कुठले? गावात त्याच नावाचे तिघे आहेत." पावतीवर गावाचं नाव तेवढं होतं. तिघांनाही फोन झाले. तिसऱ्याने पॅन सांगितला, पण पॅनवरचं इंग्रजी स्पेलिंग वेगळंच निघालं.

क्यूआर कोडवरून आलेले पैसे सोपे असतील असं मला वाटलं होतं. बँकेच्या उताऱ्यात दात्याच्या जागी एखादं टोपणनाव आणि 501 रुपये, एवढंच. म्हणून त्यानंतर कोडखाली गुगल फॉर्मची लिंक छापली: देतानाच पॅन विचारायचा. संस्थेने नेटवर केलेलं सगळ्यात शहाणपणाचं काम हेच, असं माझं मत.

दुपारी फाइल चढेना. पॅन नसलेल्यांचे बारा आकडी आधार क्रमांक एक्सेलने आखडून 'ई प्लस' करून टाकले होते. रकाना आधी 'टेक्स्ट' करायचा असतो, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. सगळे आकडे पुन्हा हाताने भरले. तेवढ्यात वीज गेली. लॅपटॉप बॅटरीवर आणि नेट मुलीच्या मोबाइलवरून.

राहिले एक मोगरा बागायतदार. वर्षाला 1000 रुपये रोख देतात, पावतीही घेत नाहीत. आधार मागायला काकांनीच फोन लावला, स्पीकरवर.

"कशाला रे?"

"सवलत मिळते."

"कशातून? मोगऱ्याला कर नाही." पलीकडून हसू आलं. शेतीच्या उत्पन्नावर प्राप्तिकर नाही, हे त्यांना आमच्याहून चांगलं ठाऊक होतं. "आणि देणगी दिली हे सरकारला सांगायचं?"

काकांना उत्तर सुचेना. त्या फॉर्मात ओळख क्रमांकाचा रकाना रिकामा सोडता येत नाही. "बाय, तूच समजाव," म्हणत त्यांनी फोन मुलीकडे दिला.

साडेसातला पोचपावतीचा क्रमांक आला. दुसऱ्या दिवशी प्रमाणपत्रं व्हॉट्सॲपवर गेली. मोगरेवाल्यांचं उत्तर लगेच आलं: हे छापून घ्यायचं का?